मुशीच्या पोटातलं औषध

१९४०च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या आणि त्याचा फटका मुंबईच्या औषधांच्या दुकानांना बसला. अशक्त मुलं, बाळंतिणी, क्षयाचे रोगी यांना डॉक्टर हमखास लिहून देत ते कॉडच्या यकृताचं तेल मोठ्या प्रमाणात नॉर्वेहून यायचं. ते यायचं थांबलं. युद्ध लवकर संपत नाही हे दिसल्यावर मुंबई, मद्रास आणि त्रावणकोर इथल्या सरकारांनी आपल्याच समुद्रातल्या एका माशाकडे वळून पाहिलं. तो मासा म्हणजे शार्क, आपल्या किनाऱ्याची मुशी.

मुशीच्या पोटात हवेची पिशवी नसते. पाण्यात तरंगून राहायला तिला मदत होते ती तिच्या अवाढव्य, तेलाने ठासून भरलेल्या यकृताची. या तेलात अ जीवनसत्त्व कॉडच्या तेलापेक्षा कितीतरी जास्त निघालं. पाहता पाहता देशी शार्क लिव्हर ऑइलच्या बाटल्या दवाखान्यांत दिसू लागल्या. ससून डॉकला उतरणाऱ्या मासळीत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या बंदरांचाही माल असे. एरवी मासळी साफ करताना बाजूला पडणाऱ्या यकृताला युद्धाने भाव आणला. हा भाव फार वर्षं टिकला नाही. १९४७मध्ये ओटो इस्लर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने अ जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, पुढच्या काही वर्षांत ते कारखान्यात स्वस्तात तयार होऊ लागलं आणि यकृताच्या तेलाचा धंदा जगभर बसला.

मुशीच्या पोटातल्या औषधाची गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. ती संपली नाही, म्हणून हा लेख.

थळ, नवगाव, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, राजपुरी, दिघी या रायगडच्या गावांतल्या माणसाला मुशीची ओळख करून द्यावी लागत नाही. इथे सर्वांत जास्त मिळते ती लहान चणीची, चपट्या नाकाची सोनमुशी; शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. भरती-ओहोटीच्या ओढीवर ताणून उभ्या राहणाऱ्या डोलीच्या जाळ्यात बोंबील, मांदेली, जवळ्याबरोबर तीही येते. तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर तळहाताची साल निघते. म्हणून तुकडे उकळत्या पाण्यातून काढून आधी कातडी खरवडायची, मग मांस कुस्करून कांदा, आलं-लसूण, ओलं खोबरं घालून सुकं करायचं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ते आवर्जून वाढतात. मुशी ताजीच घ्यावी असं कोळणी सांगतात, त्यामागे रसायनशास्त्र आहे. खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकवण्यासाठी शार्क आपल्या मांसात युरिया साठवून ठेवते. मासा मेला की जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि वास सुटतो.

शरीरातल्या मिठाचा आणि पाण्याचा हा हिशेब शार्क कसा ठेवते, याच कुतूहलाने अमेरिकेच्या ईशान्य टोकावर, मेन राज्यातल्या माऊंट डेझर्ट बेटावरच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ कित्येक दशकं एका माशावर काम करत आले होते. तो मासा होता स्क्वालस अकँथियस, थंड पाण्यातला काटेरी डॉगफिश. आपली सोनमुशी नव्हे, पण तिच्याच मोठ्या गोतावळ्यातला. तिथे शार्कच्या ग्रंथींचा अभ्यास करणारे येलचे वैद्यक जॉन फॉरेस्ट पुढे या गोष्टीत भागीदार झाले.

मात्र गोष्टीतला मुख्य माणूस बेडकाकडून शार्ककडे आला होता. मायकेल झॅस्लॉफ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आफ्रिकी बेडकांवर प्रयोग करत. अंडी काढण्यासाठी बेडकाचं पोट फाडायचं, टाके घालायचे आणि त्याला परत हौदात सोडायचं. हौदाचं पाणी काही निर्जंतुक नसे. तरीही जखमा चिघळत नव्हत्या, पू होत नव्हता. प्रयोगशाळेत हे अनेकांनी पाहिलं असेल. झॅस्लॉफ तिथे थांबले. बेडकाच्या कातडीतून त्यांनी जंतू मारणारी छोटी प्रथिनं वेगळी केली आणि १९८७मध्ये मॅगेनिन या नावाने जाहीर केली. मग प्रश्न आला, की प्रतिकारशक्तीची रचना आपल्यापेक्षा किती तरी जुनी असूनही शार्क इतकी धडधाकट कशी राहते? बेडकासारखंच एखादं प्रथिन सापडेल या अपेक्षेने त्यांनी डॉगफिशच्या जठराचा अर्क तपासायला घेतला.

अर्काने जंतू मेले, पण मारणारा पदार्थ प्रथिन नव्हता. तो होता एक स्टेरॉइड. कोलेस्टेरॉलच्या घराण्यातला सांगाडा आणि त्याला जोडलेली स्पर्मिडीन नावाची लांब, धनभारित शेपटी. अशी जोडणी प्राण्यांत यापूर्वी कुणी पाहिली नव्हती. १९९३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो शोध स्क्वालामीन या नावाने छापून आला. जठरापेक्षा यकृतात आणि पित्ताशयात त्याचा साठा जास्त असतो, हेही लक्षात आलं. युद्धकाळात आपण ज्या अवयवाचं तेल काढत होतो, तोच हा अवयव. शार्कच्या यकृततेलातल्या स्क्वालीनला जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी १९१६मध्येच नाव दिलं होतं. प्राण्यांचं शरीर स्क्वालीनपासूनच कोलेस्टेरॉल घडवतं, हे विज्ञानाला नंतर कळलं. म्हणजे या यकृताने रसायनशास्त्राला आधीच बरंच काही दिलेलं होतं, फक्त मज्जासंस्थेच्या रोगाशी त्याचा संबंध लागेल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या रोगाकडे आता वळू. १८१७मध्ये लंडनचे वैद्यक जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात अवघे सहा रुग्ण, त्यांतले काही तर रस्त्यात चालताना पाहिलेले. हाताची थरथर, पुढे झुकलेली चाल, मंदावलेल्या हालचाली हे सारं त्यांनी टिपलं; शिवाय रुग्णांना बद्धकोष्ठ असतं हेही नोंदलं. हे शेवटचं निरीक्षण जवळजवळ दोन शतकं दुय्यम मानलं गेलं. १९१२मध्ये फ्रीड्रिख लेवी यांना रुग्णांच्या मेंदूच्या पेशींत गोल, घट्ट गोळे दिसले. ते कशाचे, हे कळायला १९९७ उजाडलं. त्या एकाच वर्षात दोन धागे जुळले. एका इटालियन वंशाच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कंपवाताचं मूळ अल्फा-सिन्युक्लिइन या प्रथिनाच्या जनुकातल्या बिघाडात सापडलं आणि लेवींचे गोळेही याच प्रथिनाचे आहेत, हे मारिया ग्राझिया स्पिलांटिनी यांच्या गटाने दाखवलं.

मुंबईचाही या इतिहासात भाग आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत दारोदार जाऊन १४,०१० लोकांची पाहणी केली. १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत कंपवाताचे ४६ रुग्ण मिळाले, म्हणजे लाखामागे ३२८. हा रोग मुख्यतः पाश्चात्त्यांचा, या समजाला त्या आकड्याने चांगलाच धक्का दिला. त्याच्याही आधी, १९७८मध्ये, अशोक वैद्य, नोशिर वाडिया आदी मुंबईच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या रुग्णांना खाजकुयलीच्या बिया देऊन पाहिल्या होत्या. कोकणातल्या कुंपणावर चढणारी, शेंगेच्या कुसांनी अंगाची आग करणारी तीच ही वेल. तिच्या बियांत एल-डोपा असतं, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७मध्येच सांगितलं होतं. गुण आला. पण एल-डोपा, बियांतून येवो की गोळीतून, मेंदूत कमी पडलेल्या डोपामीनची भरपाई करतं. ज्या प्रक्रियेत ते गोळे होतात आणि पेशी मरतात, ती त्याने थांबत नाही. वर्षं जातात तसा त्याचा जोर कमी पडत जातो. ज्यांच्या घरात कंपवाताचा रुग्ण आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दरम्यान स्क्वालामीनची भटकंती चालू होती. जंतुनाशक म्हणून त्याचं पुढे फारसं काही झालं नाही. १९९८च्या सुमारास ते नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं असं दिसलं, म्हणून कर्करोगावर आजमावलं गेलं. मग म्हातारपणी दृष्टिपटल बिघडवणाऱ्या आजारावर; तो प्रयत्न २००७मध्ये सोडून देण्यात आला. पुढे त्याचे डोळ्यात घालायचे थेंब आले, २०१८मध्ये तेही चाचणीत नापास झाले. एखाद्या रेणूचं एवढं अपयश म्हणजे कपाट बंद करायची वेळ. झॅस्लॉफ यांनी ते बंद केलं नाही. २०११मध्ये त्यांनी दाखवलं की स्क्वालामीन पेशीत शिरून पटलाच्या आतल्या, ऋणभारित बाजूला चिकटतं आणि तिथे नुसत्या विद्युतभाराच्या ओढीने टेकलेली प्रथिनं सुटी करतं. त्यांचा हेतू होता विषाणूंचा मार्ग अडवण्याचा. पण वर्णन वाचून अल्फा-सिन्युक्लिइनवर काम करणाऱ्याचे कान टवकारावेत, असंच ते होतं.

त्याचं कारण असं. अल्फा-सिन्युक्लिइन १४० अमिनो आम्लांची सैल साखळी आहे. एरवी ती पाण्यात बिनआकार वावरते. मज्जातंतूच्या टोकाशी संदेशवाहक रसायनांच्या बारीक पिशव्या असतात. त्यांच्या ऋणभारित पृष्ठभागाला टेकली की तिला पीळ पडतो. तिथे तिची दाटी झाली की कधी तरी काही साखळ्या चुकीच्या घडीने एकमेकींना चिकटतात, आणि एकदा असा पहिला पुंजका झाला की दुधात विरजण पडल्यासारखं होतं: उरलेलं प्रथिन त्याच घडीत बसत जातं. केंब्रिजमध्ये ख्रिस्तोफर डॉब्सन, मिकेले वेंद्रुस्कोलो आणि टुओमस नोल्स या साऱ्या प्रक्रियेचे टप्पे वेगवेगळे करून मोजत होते. डॉब्सन यांनी १९९८मध्येच दाखवून दिलं होतं की रोगाशी काडीचा संबंध नसलेलं प्रथिनही योग्य परिस्थितीत असे तंतू करतं. म्हणजे गोळा होणं हा चार-दोन दुष्ट प्रथिनांचा दोष नव्हे, तो प्रथिन या वस्तूचाच एक स्वभाव आहे. निरोगी शरीर आयुष्यभर त्याला आवर घालत असतं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा विचार आहे, कारण म्हातारपण आणि हे रोग हातात हात घालून का येतात, त्याचं उत्तर त्यात आहे.

झॅस्लॉफ आणि केंब्रिजचा गट एकत्र आले, त्यांना आणखी प्रयोगशाळांची साथ मिळाली आणि जानेवारी २०१७मध्ये त्यांचा निबंध आला. स्क्वालामीन पिशव्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं, अल्फा-सिन्युक्लिइनला तिथून हटवतं आणि पहिला पुंजकाच होऊ देत नाही. ज्यांच्या स्नायूंत माणसाचं अल्फा-सिन्युक्लिइन तयार होतं असे मिलिमीटरभर लांबीचे सूत्रकृमी त्यांनी घेतले. हे कृमी हळूहळू लुळे पडतात. स्क्वालामीन दिलेल्यांत गोळे कमी झाले आणि त्यांची वळवळ बरीच टिकली. चोवीस वर्षं आधी जंतू मारायला म्हणून सापडलेल्या रेणूला खरं काम तेव्हा मिळालं.

त्याचं एक भावंडही होतं, ट्रोडुस्क्वेमीन, तेही डॉगफिशच्या यकृतातलं. ते अल्झायमरशी निगडित अमायलॉइड-बीटावर वापरलं तेव्हा उलटंच झालं. गोळे होण्याचा वेग वाढला, आणि तरी पेशींना होणारी इजा कमी झाली. २०१९मध्ये आलेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा, की सूक्ष्मदर्शकात दिसणारा मोठा गोळा हा बहुतेक नंतर उरलेला मलबा असतो. मारतात ते वाटेतले छोटे पुंजके, जे पेशीच्या पटलाला चिकटून तिला भोकं पाडतात. त्यांना पटलावरून दूर केलं किंवा भराभर मोठ्या गोळ्यांत ढकललं, तर पेशी वाचते. इथे पवईची आठवण होते. आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने २०१३मध्ये हळदीतल्या कर्क्युमिनबद्दल याच दिशेचं निरीक्षण मांडलं होतं: ते सुट्या अल्फा-सिन्युक्लिइनला धरत नाही, तयार झालेल्या पुंजक्यांना धरतं, आणि गोळे होणं वेगवान करून विषारी पुंजक्यांची संख्या बहुधा घटवतं. याच गटाने २०२०मध्ये आणखी मागची पायरी दाखवली. हे प्रथिन आधी पेशीत द्रवाचे बारीक थेंब बनून वेगळं होतं, मग ते थेंब घट्ट होत जातात आणि त्यांतून तंतू निघतात. कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, सुदीप्त मैती यांचा गट अमायलॉइड-बीटाचे छोटे पुंजके पेशीच्या पटलाशी काय करतात ते पाहत आला आहे. बंदराचं पाणी ओलांडलं की पलीकडे मांडवा. म्हणजे हे रोग कसे घडतात हे जाणणारी माणसं आणि मुशीचा किनारा यांत मधे बोटीचाच काय तो प्रवास आहे.

समुद्रातून आलेली आणखी दोन औषधं याच वाटेने गेली, त्यांचा उल्लेख हवा. लाल शेवाळात आढळणाऱ्या होमोटॉरिनवर आधारलेलं ट्रामिप्रोसेट अल्झायमरवर मोठ्या चाचणीपर्यंत पोचलं आणि २००७मध्ये अपयशी ठरलं. तपकिरी शेवाळातल्या शर्करेपासून केलेल्या जीव्ही-९७१ला चीनने २०१९मध्ये काही अटींवर मंजुरी दिली; तिच्या पुराव्यावरचे आक्षेप मात्र शमले नाहीत.

स्क्वालामीनपुढे वेगळीच अडचण होती. तोंडाने घेतलं तर ते आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही, मग मेंदूपर्यंत कसलं पोचणार? इथे पार्किन्सन यांची दोनशे वर्षं जुनी नोंद कामी आली. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३मध्ये मांडलं होतं की अनेक रुग्णांत रोगाची सुरुवात आतड्याच्या मज्जातंतूंत होत असावी आणि तिथून तो मेंदूकडे सरकत असावा. हाताला कंप सुटण्याच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठ सुरू होतं, हे डॉक्टरांनाही दिसत होतं. औषध आतड्यातच राहतं ना, मग आतड्यावरच उपचार करू, असं झॅस्लॉफ आणि डेनिस बार्बट यांनी ठरवलं. त्यांच्या कंपनीने स्क्वालामीनचा क्षार ईएनटी-०१ या नावाने गोळीत आणला. कंपवात आणि बद्धकोष्ठ दोन्ही असलेल्या दीडशे रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला पूर्ण पोट साफ होण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ०.७वरून ३.२वर गेलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ०.७वरून १.२वर. मळमळ आणि जुलाब या मुख्य तक्रारी राहिल्या.

हा आकडा ज्याला किरकोळ वाटेल त्याने कंपवाताच्या रुग्णाची सकाळ पाहिलेली नाही. मात्र त्यातून जेवढं सिद्ध होतं तेवढंच म्हणावं. आतडं चालतं झालं. मेंदूतला रोग थांबला, असं या चाचणीने दाखवलेलं नाही. औषध म्हणून त्याला बाजारात येण्याची परवानगी अजून मिळालेली नाही. मुशीचं सुकं खाऊन किंवा यकृताच्या तेलाच्या गोळ्या घेऊन कंपवात बरा होईल, असं कुणी सांगत असेल तर तो रुग्णाची फसवणूक करतो आहे. चाचणीतलं स्क्वालामीन प्रयोगशाळेत बनवलेलं असतं, त्यासाठी शार्क मारावी लागत नाही.

शार्क मरते आहे ती वेगळ्या कारणांनी. भारताने २००१मध्ये देवमुशीला संरक्षण दिलं, २०१५मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद केली. सोनमुशीला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण ती परांसाठी नव्हे, ताटासाठी पकडली जाते. ती अंडी टाकत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि वीतभरसुद्धा नसलेली ती पिल्लं बारीक आसाच्या जाळ्यात आईबरोबरच येतात. जागतिक यादीत ती संकटाच्या उंबरठ्यावर असल्याची नोंद आहे. तरीही डोलकर आजची मुशी आजच विकणार, त्याच्या घरचा खर्च त्यावर चालतो. बंदीचा कागद दाखवून हे सुटणारं नाही. पिल्लांच्या हंगामात जाळ्याचा आस मोठा ठेवायचा, तर त्या दिवसांत बोंबील-जवळ्याचं काय, हे त्याच्याच पुढ्यात बसून ठरवावं लागेल.

आणि संशोधकांनी मागावं ते फार थोडं आहे. रेवदंड्याच्या किंवा मुरूडच्या बाजारात मुशी साफ होते तेव्हा यकृत, पित्ताशय आणि जठर बाजूला पडतं. बर्फाचा डबा घेऊन पहाटे तिथे जायचं, कोळणीला त्याचे रास्त पैसे द्यायचे आणि तो डबा दुपारच्या आत प्रयोगशाळेच्या शीतकपाटात पोचवायचा. उष्ण पाण्यातल्या, थंड पाण्याच्या डॉगफिशपेक्षा वेगळ्या जंतूंशी झगडणाऱ्या सोनमुशीने कोणते रेणू घडवले आहेत, हे त्या डब्यातून कळू शकतं, आणि त्यासाठी एकही जादा मुशी मारायची गरज नाही.